सोयाबीन अंगणात, कापूस वावरात



आपल्या कार्यक्षेत्रातील एका जुन्या सभासदांची धाकटी मुलगी नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वर तालुक्यात दिली आहे. जावई पूर्वी रांजणगावला एका कंपनीत नोकरीस होते, तेव्हा हे लग्न जमले. २०२० साली टाळेबंदी आली, नोकरी गेली आणि मंडळी जावयांच्या गावी परतली. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर आम्हांस कामानिमित्त नागपूरला जाणे होते. हे सभासदांच्या कानावर गेले. त्यांनी आम्हांस गट ऑफिसच्या दारातच गाठले. म्हणाले, "साहेब, एवढं माझ्या लेकीकडं डोकावून या. फोनवर 'बरं चाललंय, बरं चाललंय' एवढंच म्हणती." सोबत फराळाचा डबा आणि पाच किलोची गुळाची ढेप दिली. एका दिवसासाठी गेलो होतो, तीन दिवस राहिलो. तेथे जे पाहिले ते आपल्या सभासदांनाही सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

कळमेश्वर नागपूरच्या वायव्येस वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. नागपूर-इटारसी रेल्वे तेथून जाते. गावाला लागून एमआयडीसी आहे, आणि तिच्या कुंपणापलीकडे लगेच काळी जमीन सुरू होते. पलीकडे काटोल-नरखेड, म्हणजे संत्र्याचा मुलूख. याच भागात चंद्रभागा नावाच्या नदीकाठी धापेवाड्याला विठ्ठलाचे मोठे देऊळ आहे. विदर्भाची पंढरी म्हणतात त्याला. आपल्यापैकी वारी करणाऱ्यांनी तिकडे गेल्यास एक हेलपाटा जरूर करावा. उसाचे फड मात्र आपल्यासारखे दिसत नाहीत. ज्याला त्याला कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा, आणि दिवाळी झाली की हरभरा.

आम्ही पोचलो ती २७ ऑक्टोबरची, वसुबारसेच्या आदल्या दिवसाची दुपार. घर शोधायला अडचण पडली नाही, कारण रस्त्यावरूनच अंगणभर पसरलेले सोयाबीन दिसले आणि त्यातून अनवाणी पाय ओढत, दाणे खालीवर करीत चाललेली आपली मुलगी दिसली. कडेवर सव्वा वर्षाची पोर. चार वर्षांचा मुलगा ओट्यावर बसून एका लाकडी बैलाला दोरी बांधीत होता. तान्हा पोळा म्हणून नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा सण असतो, त्यात लाकडी बैल मिरवतात. तो बैल मागे राहिला होता. खरी बैलजोडी तीन वर्षांपूर्वी विकली. वखरणी-पेरणी आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. गोठ्यात एक गाय आणि तिचे वासरू एवढेच.

आम्हांस पाहून मुलगी म्हणाली, "काका, वर या, पण कडेकडेनं. दाणे तुडवू नका."

घरची शेती सहा एकर. दोन एकर संत्रा, झाडे दोनशे वीस. दोन एकर सोयाबीन, त्यात तुरीची तासे. दोन एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. एक विहीर. घरात सासू-सासरे, हे दोघे आणि दोन लेकरे. जावई एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटी कामगार आहेत, आठवड्याला पाळी बदलते. त्यामुळे वावरात कोण असते, याचे उत्तर सांगण्याची गरज नाही. सासरे साठीचे, गुडघ्याने अधू. सासूबाई अजून वेचायला जातात, पण वाकता येत नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे काय, हे आपण जाणतोच. आडसालीचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, पूर्वहंगामी लागणीची थोडी धावपळ, आणि बाकी कारखाना कधी पेटतो याची पारावर बसून चर्चा. आम्ही स्वतः ऊसवाले आहोत, तेव्हा हे बोलायचा अधिकार आम्हांस आहे. कळमेश्वरकडे नेमके उलटे. तिथे वर्षाची सगळी कामे अश्विन-कार्तिकाच्या सहा आठवड्यांत एकमेकांच्या अंगावर येऊन पडतात. सोयाबीन काढून मळायचे. ते वाळते तोवर कापसाची बोंडे फुटलेली. कापसाला बाया मिळतात न मिळतात तोवर सोयाबीनच्या रिकाम्या रानात हरभऱ्यासाठी ओलित करायचे. त्यातच आंबिया बहाराची संत्री रंगाला येतात. फांद्यांना बांबूचे टेकू द्यायचे आणि खाली पडलेली फळे वेचून बाहेर टाकायची. आणि मध्येच दिवाळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक उद्योग केला. हातातले घड्याळ लावून बसलो आणि या मुलीचा दिवस लिहून काढला. तिला आधी हसू आले. "काका, तुम्ही काय माझा पगार काढताय का?" म्हणाली. नोंद अशी आहे.

पहाटे साडेचारला उठली. विहिरीवर वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून नवरा रात्री अकराला बारे द्यायला गेला होता तो अजून परतला नव्हता. तिने चूल आणि गॅस दोन्ही पेटवले. पाचला गाईचे शेण, झाडलोट. सहापर्यंत भाकरी आणि वांग्याची भाजी, दोन डबे. एक वावरातला, एक कंपनीतला. सव्वासहाला नवरा आला तो चिखलाचे पाय धुऊन आडवा झाला, कारण दुपारी तीनला त्याची पाळी होती. साडेसहा ते सात, रात्री दवाने ओलसर झालेली ताडपत्री काढून सोयाबीन पसरणे. सातला पोरीला पाजले. अंगणवाडीला दिवाळीची सुट्टी, म्हणून मुलगा आजोबांकडे. साडेसातला बायांना बोलवायला गल्लीत फेरी. आठला वावरात. त्या दिवशी सीतादही होती, तिचे पुढे सांगतो. दुपारी एकपर्यंत वेचणी. पोरीसाठी घरी येणे, पुन्हा सोयाबीन हलवणे, पुन्हा वावर. पाचला कापूस मोजणे, बायांचा हिशेब वहीत. सहाला सोयाबीन गोळा करून झाकणे, कारण कार्तिकातले दव पावसाइतकेच वाईट. मग स्वयंपाक, भांडी, आणि रात्री नऊ वाजता शेजारणीबरोबर बसून अर्धी परात शंकरपाळे. साडेदहाला दिवा मालवला. मधली बसण्याची सगळी वेळ मिळून आम्ही पन्नास मिनिटे मोजली, आणि त्यातली निम्मी पोरीला पाजण्याची होती.

या अठरा तासांत तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. दोनदा नवऱ्यावर डाफरली, एकदा आमच्यावरही, कारण आम्ही खुर्ची सोयाबीनवर ठेवली होती.

आता सीतादहीविषयी. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी घरच्या बायका वावरात पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तो दहीभात पऱ्हाटीत शिंपडतात. मगच ओटी खोचून पहिले बोंड वेचतात. सासूबाईंनी सुनेच्या हाताने पूजा करवून घेतली. मुलगी म्हणाली, "पहिल्या वर्षी मला काही कळायचं नाही. आपल्याकडं हादगा, इथं भुलाबाई. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. मी हादग्याचं गाणं म्हटलं तर सगळ्या हसल्या. आता मीच शिकवते त्यांना." सासूबाई मध्येच म्हणाल्या, "भाऊ, मले वाटे, ऊसवाल्याची पोर, पाटपाण्यावर वाढली, वावरात काय येते? पहिल्या साली हिचे हात बोंडाच्या नखांनी असे सोलून निघाले बाप्पा! रातच्याले मी तेल लावून दिलं. आता मलेच म्हणते, आई, तुम्ही घरी राहा."

वेचणीला किलोला दहा रुपये मजुरी होती. चांगली बाई दिवसाला तीस-चाळीस किलो वेचते. सासूबाईंना जुने दिवस आठवत होते, जेव्हा सगळा कापूस फेडरेशनच्या केंद्रावर जाई. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, ती पुढे तीसेक वर्षे चालली. चुकारे रखडत, पण कापूस कुठे न्यायचा हा प्रश्न नसे, असे त्यांचे म्हणणे. २०२४-२५ साठी केंद्राचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,१२१ रुपये आणि लांब धाग्याला ७,५२१ रुपये होता. व्यापारी घरी येऊन त्याहून कमी सांगे. पण कापूस पुढेही वेचायचा होता, त्याची त्या आठवड्यात घाई नव्हती. घाई सोयाबीनची होती.

घरात जो वाद चालला होता तो त्याच अंगणातल्या ढिगावरून. दोन एकरांत सोयाबीन तेरा क्विंटल झाले. दसऱ्यानंतरच्या पावसात गंजी भिजली होती, म्हणून ओलावा जास्त. हमीभाव ४,८९२ रुपये. परंतु सरकारी खरेदी केंद्रावर माल घेतात तो बारा टक्क्यांपर्यंत ओलाव्याचा, आणि हिच्या सोयाबीनला व्यापाऱ्याच्या यंत्रात पंधरा लागला. व्यापारी म्हणाला, आहे तसा ४,१०० ने उचलतो, पैसे रोख. क्विंटलला ७९२ रुपयांचा फरक, तेरा क्विंटलचे १०,२९६ रुपये. जावयांचा तेथील तीन आठवड्यांचा पगार.

जावई म्हणत होते, "विकून टाकू काका. भाव वाढून वाढून किती वाढते? सवंगणीचे पैसे द्या लागते, मळणीवाला दोनदा येऊन गेला, दिवाळीत लेकरायले कपडे पाहिजे. अन् आणखी एक पाऊस आला तर हे पण हातचं जाते." त्यांचेही चूक नव्हते. रात्री पाणी आणि दिवसा पाळी करणाऱ्या माणसाला अंगणातला ढीग म्हणजे आणखी एक राखण. त्यात रानडुकरे आणि रोही यांच्या भीतीने आठवड्यातून दोन रात्री संत्र्याच्या बागेत जागल असतेच.

मुलगी म्हणत होती, विकायचे नाही. "चार ऊन्हं मिळाली की बारावर येतंय. मी वाळवते ना. तुम्हाला कुठं हलवायला लागतंय?"

हे ऐकताना आम्हांस आपली स्थिती आठवली. उसाला २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये एफआरपी ठरली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे, न दिल्यास पंधरा टक्के व्याज. अंमल कसा होतो हा वेगळा विषय आहे, आणि कारखान्याच्याच अंकात तो कोणी काढत नाही असे सभासद म्हणतात. तो आम्ही स्वतंत्र लेखात काढू. पण दर कायद्याने बांधलेला आहे आणि तो मागायला जागा आहे. सोयाबीनचा हमीभाव सरकार जाहीर करते, तथापि खाजगी व्यापाऱ्याने तो दिलाच पाहिजे असे बंधन नाही. केंद्रावर नंबर लागला आणि माल पास झाला तर हमीभाव, नाही तर मिळेल तो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. जेथे बाजार समिती ती राबवते तेथे सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा टक्के व्याजाने उचलता येते. या घराला ती ठाऊक होती. पण ओला माल गोदामात कोण घेणार?

रात्री जेवणानंतर पुन्हा विषय निघाला. सासरे इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "सातबारा माया नावाचा. नोंदणी मायाच नावाची करा लागते. मग मी सांगतो. सहा क्विंटल विका, सात ठेवा. मजुराचं देणं दिवाळीआधी फेडा लागते. बाकीचं सूनबाईच्या भरवशावर."

निर्णय शहाणपणाचा होता. सहा क्विंटलचे २४,६०० रुपये दुसऱ्या दिवशी सकाळी हातात आले आणि अकरा वाजेपर्यंत बहुतेक सगळे गेलेही. मुलाला एक सदरा, पोरीला झबले, सासूबाईंना लुगडे. स्वतःला काही घेतले नाही, म्हणाली बापाने पाठवलेल्या डब्यात साडी निघाली आहे. (डब्याखाली साडी आहे हे आम्हांसही माहीत नव्हते.)

परंतु सासऱ्यांचे ते पहिले वाक्य आमच्या मनात राहिले. खरेदी केंद्राच्या ऑनलाइन नोंदणीला सातबारा लागतो, आधार लागते, पिकाची नोंद लागते. पिकाची नोंद म्हणजे २०२१ पासून आलेली ई-पीक पाहणी. वावरात उभे राहून मोबाईलवर फोटो काढायचा. त्या घरात ती पाहणी कोणी केली? सुनेने. नोंदणीचा अर्ज कोणी भरला? सुनेने. संत्र्याच्या व्यापाऱ्याशी, जो बाग उक्ती मागत होता, त्याच्याशी झाडे मोजून बोलणी कोणी केली? तिनेच, आणि त्याने सांगितलेला पहिला आकडा ऐकून ती फक्त हसली, हे आम्ही पाहिले. नाव मात्र कागदावर कुठेच नाही. जावयांचेही नाही, हेही खरे. पैसे सासऱ्यांच्या खात्यात येतात, आणि ते सज्जन आहेत म्हणून घर चालते.

आम्ही तिच्या वडिलांचे मित्र या नात्याने हा विषय सासऱ्यांजवळ काढला. नव्या नात्यात हे बोलणे अवघड असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिला अधिवेशन घेतले आणि नंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, हे त्यांना आठवत होते. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले, की पतीने स्वखुशीने अर्ज दिल्यास पत्नीचे नाव सातबारावर सहधारक म्हणून लागावे. ते म्हणाले, "मायी बायको चाळीस साल वावरात राबली, तिचं नाव लावायचं राहून गेलं. आता दोघींचं करू. नाही कोण म्हणते?" सासूबाई दारात शंकरपाळ्यांची परात घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चाळीस सालापासून ऐकून राहिली मी, 'करू, करू'!"

आपल्या सभासदांनी हे वाचून गालात हसू नये. आपल्या पोटनियमाप्रमाणे ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर कार्यक्षेत्रात जमीन स्वतःच्या नावे लागते. जमीन नाही तर भाग नाही, भाग नाही तर मत नाही. सहकार कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखल्या आहेत. निवडणूक आली की त्या जागांसाठी पात्र महिला सभासद शोधताना काय तारांबळ उडते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. १९९४ साली राज्याने आणि २००५ साली केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. ज्या सभासदांनी आमच्याबरोबर गुळाची ढेप दिली, त्यांच्या धाकटीचाही त्यात वाटा आहे. हे त्यांना आम्ही परत आल्यावर सांगितले. त्यांनी चहा मागवला आणि विषय पालटला.

निघण्याच्या दिवशी, धनत्रयोदशीला सकाळी, मुलीने आम्हांस बाग दाखवली. फळ अजून पुरते पिवळे नव्हते, हिरव्यावर रंग चढत होता. नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तरी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळगळीने प्रत्येक झाडाखाली सडा पडतोच. ती बोलता बोलता पडलेली फळे पाटीत टाकीत होती. मुलगा लाकडी बैल ओढीत मागून येत होता. पाडव्याला गायगोधन असते. गाईला सजवून गोवारी मंडळी डफडी वाजवीत येतात. त्या दिवशी आपलाही बैल गाईबरोबर नेणार, असे त्याने आम्हांस दोनदा बजावून सांगितले. आम्ही तिला विचारले, वडिलांना काय सांगू? पाटी खाली ठेवून ती जरा थांबली. म्हणाली, "बरं चाललंय म्हणून सांगा. आणि गूळ पाठवत जा म्हणावं, इथला गूळ मला चालत नाही."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. नोव्हेंबरच्या मध्यास सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के केली होती. पण हिचे सोयाबीन तोवर उन्हात वाळून साडेअकरावर आले होते, तेव्हा त्या सवलतीची गरज उरली नाही. केंद्राचा संदेश आला, भाड्याच्या गाडीत सात क्विंटल नेले, दीड दिवस रांगेत काढला आणि ४,८९२ ने माप झाले. ३४,२४४ रुपये मामाजींच्या खात्यात यायचे होते. हरभरा उगवला होता. कापसाची दुसरी वेचणी चालू होती आणि बाया मिळत नव्हत्या.

सातबाराचे काय झाले, असे आम्ही विचारले. मामाजी आणि आई दोघांना घेऊन ती मंगळवारी तलाठी कार्यालयात गेली होती, म्हणाली. साहेब मीटिंगला गेले होते. पुढच्या मंगळवारी पुन्हा जायचे आहे, आणि त्या दिवशी नवऱ्याची सकाळची पाळी आहे, म्हणून पोरीला कुठे ठेवायचे ते बघते आहे.